कार्ड कुणाच्या नावावर

आतली कडी स्क्रूंसकट सासूबाईंच्या हातात आली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि समोर उभ्या असलेल्या टायवाल्या तरुणाच्या नाकासमोर धरली.

"हे काय हो?"

"कडी आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. दाराला पाहिजे ती माझ्या हातात काय करतेय?"

"मेन्टेनन्सला सांगतो मी. तोवर आपण आमच्या क्लबच्या लेव्हल बघूया ना. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनमला आल्या आल्या वेलकम ड्रिंक, विमानाच्या तिकिटावर सूट—"

"आणि कडी कुठल्या लेव्हलला मिळते?"

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. हसू काही केल्या आवरेना. त्या बिचाऱ्याचं नाव प्रथमेश होतं, आणि ब्लू लँटर्न हॉटेलच्या सेल्स खात्यात त्याला लागून तीनच महिने झाले होते. त्याच्या नशिबी पहिल्याच वर्षी आमच्या आई याव्यात, हे त्याचं प्रारब्ध.

आता हे सगळं का चाललं होतं, ते सांगते. दोन हजार पाच साल. मी सांगलीत एका कंपनीत होते, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या. परीक्षानळ्या, मायक्रोस्कोप, बरणीतले बेडूक, सगळं. सहा वर्षं मी टेबलाशी बसून ऑर्डरी लिहून घेतल्या, आणि फिरतीवर जायचा तो थोरवत. त्याला ब्युरेट आणि पिपेट यांतला फरक कळत नव्हता. कॉलेजांचे प्राध्यापक फोन करायचे ते मलाच. शेवटी एका मंगळवारी आमच्या घाटगे साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "वैजयंतीबाई, सोलापूर, लातूर, नांदेड, औरंगाबाद. घेता का? महिन्यातल्या बारा रात्री बाहेर काढाव्या लागतील. सोमवारी सांगा. नाही म्हणालात तर थोरवत आहेच."

वर त्यांनी माझ्यापुढं दोन रंगीत कागद टाकले. कंपनीला कुठल्या तरी एका हॉटेलवाल्यांचं कायमचं सभासदत्व घ्यायचं होतं. एक ब्लू लँटर्न, दुसरे यजमान. दोघांचीही हॉटेलं माझ्या सगळ्या गावांत होती. "राहणार तुम्ही, तेव्हा निवडा तुम्हीच. फुकटात जे काय मिळेल ते तुमचं तुम्हाला," साहेब म्हणाले.

मी घरी गेले ती तरंगतच. आणि रात्री जेवताना धाडकन खाली आले.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जिल्हा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हे. पण प्रश्न असा विचारायचे की आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटावं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मुक्कामाला राहणार कुठं?"

"हॉटेलात, अण्णा."

"एकटी बाई? हॉटेलात?"

माझा नवरा हेमंत आमटीत काहीतरी शोधू लागला. तो पॉलिटेक्निकात शिकवतो, वर्गात म्हणे वाघ आहे. घरात त्याचं एकच वाक्य, "आई-अण्णा काय म्हणतात ते बघू." म्हणून मी आशेनं आईंकडं बघितलं. त्यांच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला होता.

"प्रश्न बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

झालं! मला इतका संताप आला म्हणून सांगू. माझा राग भांड्यांवर निघतो. त्या रात्री शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी दोनदा खिडकी उघडून बघितलं. माझी पाच वर्षांची ओवी कानांवर हात ठेवून बसली. मनात म्हटलं, गेली नोकरी. जा बाबा थोरवत, पिपेटनं पाणी पी.

सकाळी आई चहाचा कप घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. "ते कागद दाखव बघू."

दिले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद पाठपोट वाचले, अगदी खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट. मग म्हणाल्या, "स्थळं दोनच आहेत होय?"

"स्थळं?"

"मग काय तर! महिन्यातल्या बारा रात्री तिथं काढायच्या, म्हणजे अर्धं सासरच की. घर न बघता पोरगी कोण देतंय? दोघांचीही हॉटेलं कोल्हापुरात आहेत. शनिवारी जाऊ."

"आणि अण्णांना काय सांगायचं?"

"अंबाबाईचं दर्शन," त्या म्हणाल्या आणि ओवीला उठवायला गेल्या. त्या माझ्या बाजूच्या की अण्णांच्या, हे मला तेव्हाही कळलं नाही.

तर अशा आम्ही शनिवारी ब्लू लँटर्नच्या तिसऱ्या मजल्यावर उभ्या होतो. प्रथमेशनं घाम पुसला आणि आम्हाला ती खोली दोन तासांसाठी मोफत देऊन टाकली. "फ्रेश व्हा, फील घ्या," म्हणाला. खाली काउंटरवरच्या पोरीनं आम्हाला किल्ली देताना "मॅडम, तीनशे सात!" असं मोठ्यानं पुकारलं होतं. सोफ्यावर बसलेल्या चार पुरुषांनी पेपरातून माना वर केल्या होत्या. मला त्यात काही वाटलं नाही. आई मात्र त्या चौघांकडं एकेक करून बघत लिफ्टमध्ये शिरल्या होत्या.

प्रथमेश गेला. आई म्हणाल्या, "मी जरा पाय मोकळे करून येते. तू पड." आणि गेल्या.

गादी मऊ होती. मी पडले. दहा मिनिटांत उशाशी ठेवलेला फोन वाजला.

"वैजयंती नांद्रेकर का?" पुरुषाचा आवाज. घोगरा, सर्दी झाल्यासारखा.

"हो. कोण बोलतंय?"

"तीनशे सात नंबरमधी एकट्याच हाय न्हवं? बसा. मी वर यायलोय."

फोन कट.

दाराकडं बघितलं तर कडी टेबलावर पडलेली. मी खुर्ची ओढली, दाराला लावली, तिच्यावर माझी बॅग ठेवली आणि पाण्याचा स्टीलचा जग हातात घेऊन उभी राहिले. खाली फोन करायचं सुचलं, पण नंबर कुठला फिरवायचा तो कागद सापडेना. तेवढ्यात दारावर टकटक.

"कोण आहे?" 

पुन्हा टकटक.

"मी ओरडेन हं! जग आहे माझ्या हातात!"

"उघड गं, मी आहे."

दार उघडलं तर आई. तोंडात पदराचा बोळा, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. "नाकाला रुमाल लावला आणि बोलले. बरा जमला की नाही आवाज?"

"आई! जीव गेला असता माझा!" मी खरंच ओरडले. जगातलं अर्धं पाणी साडीवर सांडलं होतं. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

मग मला खुर्चीवर बसवून माझ्या साडीवरचं पाणी त्यांनी स्वतःच्या पदरानं टिपलं. "म्हणूनच केलं बाई. समोर मेडिकलपाशी डबा-फोन आहे, एक रुपया टाकला. तुझं नाव सांगितलं. पोरीनं विचारलं नाही कोण, कुठला. खोलीचा नंबर सांगितला आणि फोन जोडून दिला. खाली लिफ्टवाल्या आजोबांना म्हटलं, तीनशे सातच्या बाईंना भेटायचंय. त्यांनी मला दारापर्यंत आणून सोडलं, वर नमस्कार केला."

"तुम्ही म्हाताऱ्या बाई आहात म्हणून सोडलं असेल."

"मला विचारलं कुठं, मी कोण ते? हे स्थळ नको. पोराची टाय चांगली आहे, पण घराला दार नाही."

जाताना त्यांनी कडी काउंटरवर ठेवली आणि त्या पोरीला म्हणाल्या, "तीनशे सात!" तेही मोठ्यानं, पुकारून.

यजमान तिथून चालत दहा मिनिटांवर. वाटेत आईंनी मला मिसळ खाऊ घातली आणि बेत सांगितला. "आता तू एकटी जा. मी तुझ्याबरोबर दिसायलाच नको. चार तासांसाठी खोली माग, आणि फोनची वाट बघत बस. भ्यायचं नाही, मीच असणार."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर जग आहेच की."

यजमानच्या काउंटरवर मगदूम म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला. इमारत जुनी, सोफ्याला दोरे निघालेले. मला पहिल्या नजरेतच ते स्थळ पसंत पडलं नाही, खरं सांगते. पण त्यांनी मला "एकट्याच का?" विचारलं नाही. वहीत सही घेतली, एका चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहिला आणि किल्लीसकट ती चिठ्ठी पालथी माझ्याकडं सरकवली. मी वर गेले. कडी लावून बघितली. मग दोन्ही हातांनी ओढून बघितली. मग पाय दाराला लावून ओढली. हलली नाही.

फोनची वाट बघत बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. अर्धा तास. मला वाटलं, आई खरंच देवळात गेल्या की काय. शेवटी वाजला एकदाचा.

"मॅडम, खालून मगदूम बोलतोय. मघा तुमच्या नावानं एका पुरुषाचा फोन होता. आवाज सर्दी झाल्यासारखा. तुम्ही इथं आहात की नाही, हेसुद्धा सांगितलं नाही मी. निरोप ठेवा म्हटलं तर 'तुज्या आयला' म्हणाला आणि ठेवला."

मी ओठ चावला.

"दुसरं म्हणजे, आता खाली एक बाई आल्यात. तुमची सासू आहे म्हणतात. वर पाठवू का?"

मागून आईंचा आवाज ऐकू आला. "अहो, सख्खी सासू आहे मी! नातीला ताप आलाय, सुनेला सांगायला आले धावत! पाया पडू का तुमच्या?" आणि हुंदका. काय हुंदका होता तो! नाटक कंपनीत असत्या तर पहिल्या रांगेतले रुमाल भिजले असते.

मला ती खुर्ची आठवली, तो जग आठवला आणि मंगळवारचं "प्रश्न बरोबर आहे" तर आठवलंच आठवलं.

"नाही हो मगदूमसाहेब," मी म्हटलं, "मी ओळखत नाही यांना."

"बरं, मॅडम. मी बघतो."

मी केस विंचरले, सावकाश तोंड धुतलं आणि पंधरा मिनिटांनी खाली उतरले. आई दोरे निघालेल्या सोफ्यावर चहाची बशी धरून बसल्या होत्या. मगदूम त्यांच्या आणि जिन्याच्या मध्ये हात मागे बांधून उभे होते आणि समजावत होते, "बाई, तुम्ही सासू असाल, साक्षात अंबाबाई असाल. पाहुण्यांनी हो म्हटल्याशिवाय मी जिना चढू देणार नाही. अजून चहा घ्या. रिक्षा बोलावू का?"

आईंनी मला बघितलं. "ओळखत नाहीस होय गं मला?"

"तुम्हीच म्हणालात ना, भ्यायचं नाही म्हणून. मग नाही भ्याले."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बशीतला चहा मांडीवर सांडला, आणि त्यांना हसताना बघून माझाही बांध फुटला. मगदूम एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिले. कळलं तेव्हा त्यांना राग आला. "म्हणजे परीक्षा घेत होता होय माझी? आणि तो फोनवरचा माणूस?"

"मीच," आई म्हणाल्या. "शिवी दिली त्याबद्दल माफ करा, तेवढं तोंडातून निसटलं. पण पास झालात."

मग कार्डाची बोलणी झाली. त्यांच्या योजनेचं नाव ऋणानुबंध. विमान नाही, वेलकम ड्रिंक नाही. दहा रात्री राहिलात की एक रात्र फुकट, त्यांच्या सात गावांपैकी कुठल्याही गावी, आणि ती रात्र कधीच बाद होत नाही. कार्ड एका घराला एक. घरातलं कुणीही राहिलं तरी रात्र त्याच कार्डावर चढायची. मगदूमांनी फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि मला विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव? साहेबांचं सांगता की सासऱ्यांचं?"

"द्या इकडं," आई म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि शाळेच्या वहीत लिहावं तसं सावकाश, वळणदार लिहिलं: सौ. इंदुमती विश्वनाथ नांद्रेकर.

"बाई, तिथं कुटुंबप्रमुख—" मगदूम म्हणाले.

"मग?"

"नाही, काही नाही."

मी त्यांच्या कानाशी लागले. "अहो आई, राहणार मी, रात्री माझ्या, आणि कार्ड तुमच्या नावावर?"

"स्थळ जमवलं की मध्यस्थाचा मान असतोच," त्या म्हणाल्या आणि खाली सही ठोकली.

देवीला आम्ही हात जोडले ते एसटीच्या खिडकीतून, कळस दिसतो का ते शोधत. प्रसादाचे पेढे सांगलीच्या स्टँडवर घेतले. अण्णांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि विचारलं, "दर्शन कसं झालं?"

"अगदी जवळून," आई म्हणाल्या. "दारं, खिडक्या, कड्या, सगळं नीट बघता आलं. आणि हे बघा, वैजू ती नोकरी घेतेय. मुक्कामाला कुठं राहणार ते मी बघून आलेय. ओवीचं मी करीन."

"तू कधी बघितलंस?"

"देवीनं दृष्टांत दिला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, हेमंतकडं बघितलं. हेमंत पेढ्याचा कागद वाचत होता. "दृष्टांत म्हटल्यावर काय," अण्णा म्हणाले आणि उठले. सोमवारी मी घाटगे साहेबांना हो म्हणून सांगितलं. थोरवतनं मला गावोगावच्या चहावाल्यांची यादी दिली. माणूस तसा दिलदार निघाला.

मी चार वर्षं मराठवाडा पालथा घातला. ओवीची दोन स्नेहसंमेलनं चुकली, ते अजून लागतं मला. पण लातूरच्या एका प्राचार्यांनी मला "मायक्रोस्कोपवाल्या बाई" म्हणून अख्ख्या जिल्ह्यात ओळख करून दिली, तेव्हा मी खोलीत जाऊन, कडी लावून, पलंगावर उड्या मारल्या होत्या. दर फेरीहून परत आले की आई दारातच विचारायच्या, "कितीवर गेलं कार्ड?" फुकटच्या रात्री साठत गेल्या. मी म्हणायचे, आई, तुम्ही आणि अण्णा जाऊन या की कुठंतरी. त्या म्हणायच्या, "असू दे. साठू दे." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना साठवायची हौस असते, दुसरं काय. त्या रिकाम्या बरण्या साठवायच्या, तसंच हेही.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी आठला आई इरकलची हिरवी साडी नेसून, हातात माझीच जुनी फिरतीची बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. अण्णा पेपर वाचत होते. मी आणि हेमंत चहा घेत होतो.

"कुठं निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"सोलापूरला."

"सोलापुरात कोण आहे आपलं?"

"कुणी नाही."

"मग काम काय आहे?"

"तेही काही नाही."

अण्णांनी पेपराची घडी घातली. "सोबत कोण आहे?"

"एकटीच आहे."

आणि अण्णांनी विचारलं. त्याच आवाजात, त्याच पिंजऱ्यात उभं करून. "मुक्कामाला राहणार कुठं?"

आईंनी बॅग खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना काय लॉटरी लागली की काय. "चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "म्हटलं, हे मला परत कधी विचारतायत."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुला ठाऊक नाही वैजू. अडुसष्ट साली मला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली होती. गावोगावच्या बालवाड्या तपासायच्या. फिरतीची नोकरी, आठवड्याला तीन मुक्काम. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. हे जेवायला बसले होते, मी वाढत होते. यांनी विचारलं, मुक्कामाला राहणार कुठं? ओरडले नाहीत, नको म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं. आणि मी डाव हातात धरून उभी. जतला, आटपाडीला एकट्या बाईनं झोपायचं कुठं? चावडीवर? प्रश्न बरोबर होता गं. त्याचाच तर राग आला. उत्तर नव्हतं माझ्याकडं. ऑर्डर मी माझ्या हातानं परत पाठवली."

त्यांनी पर्स उघडली, कार्ड काढलं आणि अण्णांच्या पेपरावर ठेवलं. "हे घ्या उत्तर. जरा उशीर झाला."

अण्णांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. "कुटुंबप्रमुख," ते हळूच म्हणाले.

"खालचं नाव वाचा," आई म्हणाल्या. मग कार्ड परत घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि चपला घातल्या.

हेमंत गाडी काढतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या. मी मात्र स्टँडपर्यंत गेलेच. मला रडू येत होतं आणि ते लपवायचीही इच्छा नव्हती. "मला आधी का नाही सांगितलंत? त्या वेळी?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी नोकरी केली असतीस. मेलं ते कसलं ओझं तुझ्या डोक्यावर?" एसटी लागली होती. त्यांनी खिडकीची जागा धरली आणि वरून मला म्हणाल्या, "अण्णांना पथ्याचं कर. आणि तू रोज असली जड बॅग उचलत होतीस होय गं?"

संध्याकाळी सातला बघते तर अण्णा फोनपाशी. आईंनी मोबाइल फ्रिजवर ठेवून दिला होता, मुद्दामच. अण्णांच्या हातात यजमानचा जुना रंगीत कागद होता, माझ्या कपाटातून शोधून काढलेला. मी ओट्यापाशी उभी राहून कान दिला.

"हॅलो, सोलापूर का? इंदुमती नांद्रेकर कुठल्या खोलीत आहेत?... का सांगता येत नाही?... अहो, मी तिचा नवरा बोलतोय!... नवरा असलो तरी म्हणजे? त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाला... बरं. बरं, विचारा त्यांना. धरतो मी."

अण्णा फोन धरून बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. ओवी विचारायला लागली तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हां, बोला... काय म्हणाल्या?"

अण्णांनी फोन कानापासून जरा लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"ओळखत नाही म्हणतेय," ते म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबला. त्या बाईनं माझीच चाल माझ्या सासऱ्यावर चालवली होती! मला वाटलं, आता अण्णा फोन आदळणार. त्यांनी नाही आदळला. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता.

"निरोप? हो, ठेवायचा आहे," अण्णा म्हणाले. घसा खाकरला. "लिहून घ्या. मुक्काम वाढवला तरी चालेल." मग थोडं थांबून, "खाली नाव? विश्वनाथ लिहा. अण्णा नको. विश्वनाथ."

आई मंगळवारी यायच्या होत्या. गुरुवारी आल्या.